मज्जातंतू पुन्हा वाढवता येतात का? अप्पांचा कंपवात आणि साडेचार लाखांचं इंजेक्शन

अशोकचौक_लेक | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे अप्पा, वय ६९. सोलापूरच्या पूर्व भागात घर. ३८ वर्षं मागावर काढली त्यांनी, आधी विणकर आणि मग जॉबर (माग नीट चालतायत ना ते बघणारा). चादरीच्या मागावर धागा तुटला की दोन बोटांत अशी गाठ मारायचे की नंतर चादरीवर हात फिरवला तरी लागायची नाही. सहा वर्षांपूर्वी ती गाठ बसेना. आम्ही म्हटलं चष्मा बदला, बदलला, तरी बसेना. मग बसल्या जागी उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायला लागलं, अगदी धागा वळल्यासारखं. आई म्हणायची जन्मभराची सवय आहे, हात रिकामा राहत नाही त्यांचा. वर्षभर आम्ही त्याला सवयच समजत होतो. शेवटी सही बारीक बारीक होत गेली आणि पेन्शनच्या कागदावर बँकेत जुळेना तेव्हा डॉक्टरकडे गेलो. पार्किन्सन्स.

गोळ्या चालू आहेत, पहिली तीन-चार वर्षं खूप बरं होतं. आता गोळीचा असर लवकर उतरतो, दाराच्या उंबऱ्यापाशी पाय चिकटल्यासारखे थांबतात, मागच्या महिन्यात दोनदा पडले.

आता मुद्द्याचं. आमच्या एका पाहुण्यांनी एका शिबिराला नेलं, मंगल कार्यालयात होतं. तिथं मोठ्या पडद्यावर दाखवलं की उंदराच्या मेंदूत वाळलेले मज्जातंतू पुन्हा उगवले. आणि तेच आम्ही माणसात करतो, तीन इंजेक्शनं, साडेचार लाख. संक्रांतीच्या आत पन्नास हजार भरले तर सवलत. दादा कुंभारीचा प्लॉट विकायला निघालाय. तो एवढंच म्हणतो की अप्पांनी आपल्यासाठी आयुष्य घातलं आणि आपण प्लॉटचा विचार करायचा का. त्याला काय उत्तर देऊ ते कळत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. मज्जातंतू खरंच पुन्हा वाढतात का? कुणाला नीट माहिती असेल तर कृपया सांगा.

---

धोटा | शनिवार, रात्री ११:५८

ताई, वाढतात. माझ्या हातात वाढलेत म्हणून सांगतो.

२०१४ साली एमायडीसीत काम करताना पत्र्याच्या कडेने मनगट कापलं, करंगळीच्या बाजूची मोठी नस (रक्ताची नाही, संवेदनेची) पूर्ण तुटली. सर्जननी दुर्बिणीखाली शिवली. शुद्धीवर आल्यावर करंगळीला टाचणी टोचली तरी काही नाही. डॉक्टर म्हणाले आता घाई करू नका, नस रोज साधारण एक मिलिमीटर पुढे सरकते, मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत किती अंतर ते तुम्हीच मोजा. मी घरी आलो आणि फूटपट्टी लावली, सतरा सेंटिमीटर. म्हणजे सहा महिने.

त्यांनी एक गोष्ट शिकवली होती. मनगटापासून पुढे बोटाने हलकं टकटक करत जायचं, जिथं टकटक केल्यावर करंगळीत झिणझिण्या जातात तिथपर्यंत नस पोचली असं समजायचं. मी दर रविवारी पेनाने खूण करायचो. खूण खरंच पुढे पुढे जात होती हो! आठव्या महिन्यात चहाचा ग्लास करंगळीला गरम लागला तेव्हा मी रडलो होतो. बोटं अजून पूर्ण फाकवता येत नाहीत, ती ताकद नाही आली, पण जाणीव आली.

तेव्हा आशा सोडू नका. फक्त मेंदूचं असंच असतं का ते मला माहीत नाही, जाणकार सांगतील.

---

विजापूररोड_शिक्षिका | रविवार, सकाळी ७:१५

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराचा सल्ला देणार नाही. विज्ञान जेवढं माहितीय तेवढं सांगते, लांब होईल.

धोटा दादांनी लिहिलंय ते तंतोतंत खरं आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. हातापायातल्या नसा आणि मेंदू-मणक्यातले मज्जातंतू यांचं वागणं वेगळं असतं. मज्जापेशीला एक लांब धागा असतो, त्याला अ‍ॅक्सॉन म्हणतात. हातातला अ‍ॅक्सॉन तुटला की तुटलेला पुढचा भाग मरतो, पण त्याच्याभोवती ज्या श्वान पेशी असतात त्या मोकळ्या झालेल्या नळीत राहतात, कचरा साफ करतात, वाढीची द्रव्यं सोडतात आणि नव्या टोकाला वाट दाखवतात. म्हणून रोजचा तो एक मिलिमीटर.

मेंदूत आणि मणक्यात हे होत नाही. स्पेनचे रामोन इ काहाल, ज्यांना १९०६ चं नोबेल मिळालं, त्यांनी या विषयावर जो मोठा ग्रंथ लिहिला (इंग्रजीत १९२८ ला आला) त्यात मोठ्या माणसाच्या मेंदूतले मार्ग कायमचे ठरलेले असतात, तिथे नवं उगवत नाही असा निष्कर्ष मांडला. पुढची पन्नास वर्षं सगळे हेच धरून चालले होते.

मग १९८१ मध्ये कॅनडात माँट्रियलला अल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युअल डेव्हिड यांनी एक साधा पण जबरदस्त प्रयोग केला. उंदराच्या पायातली नस काढली आणि तिचा पूल करून एक टोक मेंदूच्या बुंध्यात आणि दुसरं मणक्यात बसवलं. मेंदूतले धागे, जे कधी वाढत नाहीत असं म्हणायचे, ते त्या पुलातून जवळजवळ तीन सेंटिमीटर वाढले! म्हणजे पेशीत वाढायची ताकद होती, आजूबाजूची जागा तिला वाढू देत नव्हती. आणि पुलाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा मणका लागला की थोडं आत शिरून धागे थांबले, हेही लक्षात ठेवा.

जागा का वाढू देत नाही? झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी दाखवलं की मेंदूतल्या धाग्यांवर जे चरबीचं वेष्टन असतं, मायलिन, त्यातच वाढ थांबवणारी प्रथिनं आहेत. त्यातल्या एकाचं नाव नोगो-ए, २००० साली त्याचा जीन सापडला. शिवाय इजा झाली की तिथे व्रण तयार होतो, त्यातली साखरेच्या साखळ्यांची प्रथिनंही वाट अडवतात. आणि तिसरं म्हणजे पेशीचं वय. मोठ्या वयात पेशी स्वतःच्या वाढीचं बटण आतून बंद करते. २००८ मध्ये हार्वर्डच्या गटाने उंदरांच्या डोळ्याच्या नसेत पीटेन नावाचा जीन, जो वाढीला ब्रेक लावतो, तो काढून टाकला आणि चेंगरलेल्या नसेतले धागे पुन्हा वाढले.

तर ताई, पडद्यावर दाखवलेले उंदीर बहुधा खरे असतील. पण तिथून तुमच्या अप्पांपर्यंत यायला मधे फार मोठं अंतर आहे. दुपारी क्लास संपला की पार्किन्सन्सबद्दल लिहिते.

---

अशोकचौक_लेक | रविवार, सकाळी ९:०२

मॅडम खूप खूप आभार, मी दोनदा वाचलं. दादालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला बघ, म्हणजे वाढतात तर. आता त्याला काय सांगू? शिबिरात दाखवलेला उंदीर पार्किन्सन्सचाच होता असं ते म्हणत होते.

---

सात_रस्ता | रविवार, सकाळी १०:३०

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मोठे डॉक्टर नेहमी नाहीच म्हणतात. माझ्या काकांना कंपवात होता, त्यांनी वैद्यांकडून खाजकुइलीचं चूर्ण घेतलं आणि खूप फरक पडला. आपल्याकडे हे शेकडो वर्षांपासून माहीत आहे. साडेचार लाख घालवण्याआधी हे करून बघा. आणि भावाला दोष देऊ नका, मुलगा बापासाठी धडपडतोय यात चूक काय.

---

विजापूररोड_शिक्षिका | रविवार, दुपारी ३:२०

@सात_रस्ता दादा, खाजकुइलीचं तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. आयुर्वेदात तिला कपिकच्छू म्हणतात आणि तिच्या बियांत लेव्होडोपा नैसर्गिकरीत्याच असतं, अप्पांच्या गोळीत असतं तेच. म्हणूनच काकांना फरक पडला. पण त्याच कारणाने गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर मात्रा दुप्पट होऊ शकते, कुठल्या चूर्णात किती आहे हेही ठरलेलं नसतं. न्यूरॉलॉजिस्टला न सांगता करू नका एवढंच. आणि चूर्ण काय गोळी काय, दोन्हींनी डोपामीनची (मेंदूतलं हालचालींना लागणारं रसायन) कमतरता भरते, तुटलेला धागा जोडला जात नाही.

आता तो उंदीर.

पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा छोटासा काळसर भाग असतो, तिथल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी मरतात. या पेशींचे धागे वर स्ट्रायटम नावाच्या भागापर्यंत जातात. अंतर काही सेंटिमीटरचंच, पण तिथे पोचल्यावर एकेका धाग्याला इतक्या फांद्या फुटतात की माणसाच्या एका पेशीच्या सगळ्या फांद्या जोडल्या तर चार मीटरच्या वर भरतील असा अंदाज आहे. एक पेशी आणि एवढा संसार! तो सांभाळताना ती दमते, हेही या रोगाचं एक कारण असावं असं काही शास्त्रज्ञ मानतात.

आधी कोमेजतात ते धागे, पेशी नंतर. वारलेल्या रुग्णांच्या मेंदूंचा २०१३ मध्ये एक अभ्यास झाला. निदानानंतर चारेक वर्षांतच स्ट्रायटमचा जो भाग हालचालींना सगळ्यात जास्त लागतो, तिथले डोपामीनचे धागे जवळजवळ संपलेले होते, खाली पेशी मात्र काही शिल्लक होत्या. म्हणजे बॉबिनी आहेत पण मागावर ताणाच नाही.

तर संशोधकांच्या डोक्यात आलं की पेशी वाचवायची वेळ टळली असली तरी उरलेल्या पेशींना पुन्हा धागे फोडायला लावता आले तर? न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात रॉबर्ट बर्क यांच्या गटाने हेच केलं. उंदरांचे धागे आधी विष देऊन जाळले, तीन आठवडे थांबले, मग निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून वाढीचं बटण चालू करणारे जीन त्या पेशींत सोडले, अ‍ॅक्ट आणि रेब अशी त्यांची नावं. धागे पुन्हा वाढले, स्ट्रायटमपर्यंत पोचले आणि उंदरांच्या हालचालीही सुधारल्या. २०११ मध्ये हे छापून आलं. मला वाटतं तुम्हाला दाखवलेला उंदीर याच जातीचा असावा.

पण ताई, उंदराच्या मेंदूत काही मिलिमीटर जायचं असतं. त्याला विष एकदाच दिलेलं असतं, माणसात रोग रोज चालू असतो. आणि ज्या बटणाने धागा वाढतो त्याच बटणाने पेशी बेसुमार वाढूही शकते. पीटेनचा ब्रेक निकामी झालेला असतो तो बऱ्याच कर्करोगांत. म्हणून हे माणसात करायला कुणी धजत नाही. तीन इंजेक्शनांत हे "आम्ही करतो" म्हणणाऱ्याला फक्त एक विचारा, नेमकं कुठे टोचणार? हातात, कमरेत का मेंदूत?

---

अशोकचौक_लेक | रविवार, दुपारी ४:१०

सलाईनमधून म्हणाले होते. दोन सलाईनमधून आणि एक कमरेत.

---

विजापूररोड_शिक्षिका | रविवार, दुपारी ४:४५

बर्क यांनी जे केलं ते थेट मेंदूतल्या त्या ठिपक्याएवढ्या जागी सुई घालून केलं होतं. रक्तातून मेंदूत सहज काही शिरत नाही, मधे पडदा असतो. यावरूनच ओळखा.

आणि माणसात खरोखर केलेला प्रयत्न ऐका. १९९३ मध्ये जीडीएनएफ नावाचं प्रथिन सापडलं, डोपामीनच्या पेशींना जगवणारं आणि वाढवणारं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला पाच रुग्णांच्या मेंदूत बारीक नळी बसवून, पोटाच्या कातडीखाली पंप ठेवून ते थेट आत सोडलं. २००३ मध्ये निकाल आले, पाचही जणांत सुधारणा. सगळीकडे आनंद. त्यातला एक रुग्ण पुढे हृदयविकाराने गेला. त्याला साडेतीन वर्षं एकाच बाजूला, उजवीकडे, हे द्रव्य मिळत होतं. त्याचा मेंदू तपासला तर उजव्या बाजूला डोपामीनचे धागे डावीपेक्षा जास्त, फुटवा आल्यासारखे! माणसाच्या मेंदूत धागा वाढल्याची ती खूण. मी वर्गात हे सांगते तेव्हा दर वर्षी माझा आवाज बदलतो.

पण पाच जणांना माहीत होतं की आपल्याला औषध मिळतंय. नंतर अमेरिकन कंपनीने घेतलेल्या मोठ्या चाचणीत निम्म्यांना नुसतं पाणी दिलं तेव्हा फरकच दिसेना, २००४ मध्ये ती थांबवली. ब्रिस्टलने हार मानली नाही, नवी नळी बनवली, पुन्हा ४१ रुग्ण घेतले. २०१९ चा निकाल असा की स्कॅनमध्ये धाग्यांच्या भागात डोपामीनची खूण वाढलेली स्पष्ट दिसली, पण हालचालीत पाणी दिलेल्यांच्या तुलनेत ठरवलेला फरक सिद्ध झाला नाही. कमी मात्रा, कमी काळ, का रोग फार पुढे गेलेले रुग्ण, यावर अजून वाद चालू आहे. आता जीडीएनएफचा जीनच मेंदूत सोडायच्या चाचण्या चालू आहेत.

म्हणजे जगातल्या सगळ्यात मुरलेल्या लोकांना नळी थेट मेंदूत बसवून जे अजून सिद्ध करता आलं नाही, ते मंगल कार्यालयात सलाईनमधून विकतायत.

---

भीमाकाठ | रविवार, रात्री ८:३०

धागा वाचत होतो, राहवेना म्हणून लिहितोय. माझ्या मोठ्या भावाला एएलएस झाला होता, हालचालीच्या मज्जापेशीच मरतात तो आजार. पंढरपूरला असायचा, शाळेत पीटी शिकवायचा. आधी शिट्टी वाजेना, ओठ जुळेनात, त्यावरून सुरू झालं. अडीच वर्षांत गेला.

तेव्हा मी रात्र रात्र हेच वाचायचो. मॅडमनी नोगो-ए लिहिलंय ना, त्याला अडवणारं अँटिबॉडीचं औषध एएलएसवर करून पाहिलं होतं, ओझानेझुमॅब नाव. ३०३ रुग्णांवर चाचणी झाली. भाऊ असतानाच चाचणी संपली होती, निकालाची वाट बघत होतो. २०१७ ला निकाल आला, काही उपयोग नाही. मी तो कागद भावाला दाखवलाच नाही. त्याने मात्र विचारलं, डोळ्याने अक्षरं निवडून, "त्या नोगोचं काय झालं". मी म्हटलं अजून चालू आहे.

त्या ३०३ लोकांनी स्वतःचं उरलेलं आयुष्य चाचणीला दिलं आणि एक पैसा त्यांच्याकडून घेतला नव्हता. माझ्या मनात त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पैसे घेऊन आशा विकणारे आणि ते, यांचं नावही एका वाक्यात घेऊ नये.

---

धोटा | रविवार, रात्री ८:४१

@भीमाकाठ दादा, हात जोडतो. तुम्ही खोटं बोललात ते बरोबरच केलंत.

---

होटगीरोडची_काकू | रविवार, रात्री ९:५०

मी आजवर हे कुणाला सांगितलं नाही, इथं सांगते. यजमानांना पार्किन्सन्स होता. सहा वर्षांपूर्वी आम्ही असंच स्टेमसेल (मूळपेशींचा उपचार) करून घेतलं, दुसऱ्या शहरात, जागेचं नाव घेत नाही. तीन लाख वीस हजार. कमरेच्या हाडातून काढलं आणि पाठीच्या कण्यात सोडलं. पहिले पंधरा दिवस यजमान म्हणायचे, अगं बरं वाटतंय, बटण लावलं बघ मी. मी पेढे वाटले. दोन महिन्यांत परत तेच, आणि मग फोन केला की तिकडून उत्तर, आणखी एक डोस लागेल. पावती मागितली तर "सेवा शुल्क" असं लिहून दिलेलं, कशाची सेवा ते नाही.

नंतर भाच्याने समजावलं. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेची २०१७ ची नियमावली आहे, त्यात रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेमसेल हा मान्य उपचारच नाही, बाकी सगळं फक्त चाचणी म्हणून करता येतं, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिची नोंद लागते, २००९ पासून सक्तीची आहे, इंटरनेटवर कुणालाही बघता येते. बाळा, तू त्यांना फक्त तो नंबर माग. आणि विचार, चाचणी असेल तर पैसे का, आणि चाचणी नसेल तर परवानगी कुणाची?

पैशाचं जाऊ दे. मला सगळ्यात जास्त काय लागलं माहितीय का, दुसऱ्या डोसला पैसे नव्हते तेव्हा यजमान मला म्हणाले, माझ्यामुळे तुझ्या बांगड्या गेल्या. जाईपर्यंत ते हेच म्हणत राहिले.

---

विजापूररोड_शिक्षिका | रविवार, रात्री १०:३०

काकू, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. फक्त एक जोडते, नोंदवहीत नंबर सापडला म्हणजे उपचार चालतो असं नाही, तो तपासला जातोय एवढाच अर्थ. पण नंबरच नसेल तर विषय तिथेच संपला.

स्टेमसेलचं खरं काम चालू नाही असंही नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये दोन चाचण्यांचे निकाल आले, अमेरिका-कॅनडात १२ रुग्ण आणि जपानमध्ये क्योटोला ७. प्रयोगशाळेत तयार केलेल्या डोपामीनच्या पेशी कवटीला छिद्र पाडून नेमक्या जागी बसवल्या. त्या जगल्या, सुरक्षित दिसल्या, काहींत सुधारणाही दिसली. पण पाणी दिलेला गट तिथेही नव्हता, म्हणून आता मोठी चाचणी चालू आहे. आणि एक सावध करणारी गोष्ट, पूर्वी गर्भातल्या पेशी बसवलेल्या काही रुग्णांचे मेंदू दहा-पंधरा वर्षांनी तपासले तर बसवलेल्या तरुण पेशींतही रोगाच्या गाठी सापडल्या. नवा धागा भरला तरी मागाचा दोष तसाच असेल तर तोही तुटणार.

---

कंबरतलाव_फिजिओ | सोमवार, सकाळी ६:५०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर जे लिहिलंय त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे विज्ञान नाही, पण आज उठल्यावर अप्पांसाठी काय करता येईल ते सांगते, कारण ते राहूनच जातंय.

गोळीची वेळ बघा. लेव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यात आणि मेंदूच्या दारात एकाच वाटेने शिरतात, गर्दी झाली की गोळी मागे राहते. आपल्याकडे जेवणात डाळ, शेंगाची चटणी, दही हे असतंच. माझ्या एका आजोबांची दुपारची गोळी रोज फुकट जायची, कारण भाकरी, दह्यात कालवलेली शेंगा चटणी आणि गोळी सगळं एकत्र. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतली तर फरक पडतो. बंद काही करू नका, फक्त वेळ, आणि तीही डॉक्टरांना विचारून. गोळी अचानक थांबवणं तर धोक्याचं आहे. असर लवकर उतरतोय तर न्यूरॉलॉजिस्टला मात्रा विभागून देण्याबद्दल विचारा, आणि अप्पा त्यात बसत असतील तर डीबीएस शस्त्रक्रियेबद्दलही (मेंदूत बारीक तारा बसवून विजेचे हलके ठोके देतात ती) विचारा, तीही महागच आहे पण ती सिद्ध झालेली आहे.

व्यायाम गोळीइतकाच महत्त्वाचा. नेदरलँड्समध्ये १३० रुग्णांना घरी जागेवरची सायकल दिली, सहा महिन्यांनी त्यांची लक्षणं नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा कमी बिघडलेली होती, २०१९ चा अभ्यास आहे. धागे वाढतात म्हणून होतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही, पण होतं. घाम येईल एवढा करायचा, सोबत माणूस ठेवून. सोलापूरच्या उन्हाळ्यात पहाटे.

आणि उंबऱ्याचं. पाय चिकटतात तेव्हा ओढू नका, "चला चला" म्हणू नका, त्याने आणखी चिकटतात. उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवा, त्या ओलांडायला सांगा. नाहीतर ठेका द्या. टाळी, घड्याळ, भजन, काहीही एकसारखं. आपोआप चालायची यंत्रणा बिघडलेली असते पण बाहेरून ठेका मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेने पाय उचलतो. अप्पांना कुठला ठेका अंगात भिनलेला आहे तो शोधा.

---

सात_रस्ता | सोमवार, सकाळी ८:१५

मॅडम, काकू, सगळ्यांचं वाचलं. चूर्णाचं मी विचार न करता लिहिलं होतं, गोळीसोबत घेऊ नये हे मला माहीत नव्हतं. काका गोळी घेतच नव्हते. ताई, ते माझं वाक्य सोडून द्या.

---

अशोकचौक_लेक | पुढचा शुक्रवार, रात्री १०:२०

उशीर झाला लिहायला, घरात बरंच काही चाललं होतं.

सोमवारी दादाने फोन स्पीकरवर टाकून शिबिरवाल्यांना काकूंनी सांगितलेला नंबर विचारला. आधी म्हणाले पाठवतो. मंगळवारी म्हणाले ही चाचणी नाही, थेरपी आहे, नंबर लागत नाही. दादाने विचारलं मग परवानगी कुणाची. त्यावर म्हणाले सवलत उद्यापर्यंतच आहे. दादाने फोन ठेवला आणि बराच वेळ गच्चीत बसला. खाली आल्यावर म्हणाला, मला वाटलं होतं पैसे घातले की निदान माझ्या हातात काहीतरी राहील. मी त्याला भीमाकाठ दादांची पोस्ट वाचायला दिली. पाहुणे नाराज आहेत, असू देत.

अप्पांना सगळं सांगितलं, लपवलं नाही. उंदराचं, पेशीचं, चार मीटर फांद्यांचं. लक्ष देऊन ऐकलं त्यांनी. मग विचारलं, धागा नवा भरला तरी गाठ कोण मारणार? पुढच्या टोकाला बरोबर ठिकाणी जोडायला नको का? मॅडम, तुमच्यासाठी हा प्रश्न जसाच्या तसा लिहितेय. मला उत्तर आलं नाही.

बुधवारी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन आलो. डॉक्टरांनी गोळ्या चारच्या पाच वेळा केल्या, मात्रा थोडी थोडी करून, वेळ जेवणाआधी. डीबीएससाठी तपासण्या सांगितल्यात, बघू. काल दुपारी भाकरीच्या आधी गोळी घेतली तर तीन वाजेपर्यंत हात बरा होता.

आणि ठेका. मी भजन लावून पाहिलं, उपयोग नाही. घड्याळाने जरा. मग आईच म्हणाली, अगं यांना मागाशिवाय दुसरं काय ऐकू येतं. मागच्या गल्लीत अजून दोन माग चालतात, तिथं जाऊन मोबाइलवर पाच मिनिटं रेकॉर्ड करून आणलं. खटक खटक खटक. उंबऱ्यापाशी अप्पा थांबले होते, पट्ट्या चिकटवलेल्याच होत्या, मी मोबाइल लावला. उजवा पाय उचलला. मग डावा. उंबरा ओलांडून अंगणात गेले, तुळशीपर्यंत गेले, तिथून वळून परत आले, मी मागे हात धरायला तयार होते पण धरावं लागलं नाही.

परत येऊन खुर्चीत बसले, मोबाइल कानाशी धरून पुन्हा ऐकला. म्हणाले, "हा दुसरा माग ओढलालाय. त्याचा धोटा उशिरा पोचतोय, कापडात पट्टे पडतील. जॉबर कोण आहे तिथं? उद्या मला घेऊन चल."

सकाळी गोळी लागू झाली की नेणार आहे.

---

विजापूररोड_शिक्षिका | शुक्रवार, रात्री १०:५५

अप्पांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी विचारलं तोच या सगळ्या शास्त्राचा आज अडलेला प्रश्न आहे. धागा वाढवायला थोडंफार जमतंय, त्याने बरोबर पेशी शोधून तिथेच जोड करायची, हे उंदरातही अजून नीट जमलेलं नाही. सोमवारी वर्गात हा प्रश्न मी त्यांच्या शब्दांत विचारणार आहे, चालेल ना?

---

अशोकचौक_लेक | शुक्रवार, रात्री ११:०४

विचारलं त्यांना. चालेल म्हणाले. पोरांना आधी गाठ मारून दाखवा म्हणाले, मग विचारा.